चौथं दार

किसन मिस्त्री गेल्याचा निरोप मला पुण्यात, कचेरीत मिळाला. पौडहून भाच्याचा फोन आला होता. तो शिपायानं घेतला आणि माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "तुमचे दाजी गेले म्हणतात. सकाळी छातीत कळ आली." मी समोरची फाईल पुरी केली, खाली सही केली आणि मगच उठलो. असं का वागलो, ते मला अजून सांगता येत नाही… त्याला आता सात आठवडे झाले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुळशी खोऱ्यातल्या आमच्या वस्तीवर चौथीच्या पुढे शाळा नव्हती आणि आईवडील मजुरीला जायचे. दाजींनी मला पौडला आपल्या घरी आणलं, हायस्कुलात घातलं आणि पुढे पुण्याला कॉलेजात पाठवलं. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा तेलाचे हात लागू नयेत म्हणून माझं गुणपत्रक दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये धरून ते एसटी स्टँडवर गेले आणि भेटेल त्याला दाखवत राहिले. स्वतः सातवी शिकलेले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चाले. नांगरापासून जीपपर्यंत सगळं त्यांच्याकडे येई, पण त्यांचा खरा जीव मोटारींच्या दारांत होता.

पौडच्या डॉक्टरांकडे एक जुनी, काळी विलायती मोटार होती. इंजिन ठणठणीत, पण चारही दारांचे खटके झिजून गेलेले. खड्ड्यात चाक गेलं की एखादं दार आपोआप उघडायचं. डॉक्टर एका हातानं गाडी हाकत आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या दाराची सुतळी धरून बसत. पुण्याच्या दोन कारागिरांनी खटके ठोकून, वाकवून पाहिले होते. दाजींनी खटक्याला हातच लावला नाही. आधी दाराखाली लाकडी पाचर देऊन दार बोटभर वर उचललं आणि म्हणाले, "डॉक्टर, दार खाली लोंबलंय. खटका बिचारा रोज भलतीकडंच आपटतोय, तर झिजंल न्हाईतर काय?" बिजागरीच्या झिजलेल्या खिळी त्यांनी आधी बदलल्या. मग खटका उघडून त्याच्या गोल झालेल्या दातांवर पितळ चढवलं आणि ते कानशीनं घासायला बसले. थोडं घासायचं, कपड्यांची नीळ तेलात कालवून दातांना लावायची, दार लावून उघडायचं, निळा डाग कुठे उमटला ते बघायचं आणि पुन्हा घासायचं. एका दाराला त्यांचे तीन-चार दिवस जात. दार दोन बोटांनी लोटलं की खटक्याचे दोन आवाज आले पाहिजेत, असा त्यांचा हिशेब. एकच आवाज आला तर दार लागल्यासारखं दिसतं, पण लागलेलं नसतं. "आपटून लावायला लागलं, तर त्यो खटका न्हवं, नुसती समजूत हाय," असं ते म्हणत.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगी भूगावची. डॉक्टरांनी आपण होऊन वरातीला मोटार देऊ केली आणि दाजींनी लग्नाआधी चारही दारं नीट करायचा चंग बांधला. तीन झाली. चौथ्याच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या दाराच्या, खटक्यातली स्प्रिंग तुटलेली निघाली. तशी स्प्रिंग पुण्याच्या जुन्या बाजारातून यायची होती, ती लग्नापर्यंत आली नाही. लग्नाच्या सकाळी दाजींनी ते दार आतून सुतळीनं आवळून बांधलं. मोटारीला फुलांच्या माळा सोडल्या होत्या, फोटोवाला आला होता आणि त्या सुतळीची गाठ काचेतून सरळ दिसत होती. मी ती सोडायला लागलो.

"पाव्हणं, ऱ्हाऊ द्या ती," दाजी म्हणाले. "ह्ये दार एकाच आवाजावर धरतंय, पुरतं लागत न्हाई."

"दाजी, लग्नाच्या गाडीला सुतळी? भूगावचे लोक हसतील."

"हसूं द्या की. त्यांची पोरगी चाललीया, मोटार न्हाई." मग माझा चेहरा बघून ते म्हणाले, "बरं, सोडा. पर त्या दाराशी मी बसणार. माजा हात ऱ्हाईल त्याच्यावर."

वऱ्हाड पौडहून भूगावला निघायच्या ऐन वेळी माझे साहेब आले. कचेरीत लागून मला वर्षही झालं नव्हतं, मला कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. ते माझ्या लग्नाला येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी हरखून गेलो आणि त्यांना मागे, त्याच दाराशी बसवलं. दाजी तेव्हा बायकामंडळींना ट्रकमध्ये चढवत होते. तिथूनच त्यांनी ओरडून विचारलं, "त्या दाराशी कोन हाय?"

"आहे माणूस, दाजी! तुम्ही व्हा ट्रकमधून पुढं!" मी ओरडलो.

साहेबांना मी दाराबद्दल काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जुनी, मोडकी मोटार आणली असं झालं असतं. पिरंगुटच्या घाटात एका वळणावर ते दार उघडलं आणि साहेब रस्त्यावर पडले. गाडी हळू होती म्हणून निभावलं, पण उजवं मनगट मोडलं. पुढचा ट्रक थांबला, दाजी पळत आले. गाडी चालवणारे डॉक्टर खाली उतरून साहेबांचा हात बांधत होते आणि साहेब वेदनेनं ओरडत होते, "कुणी बसवलीत ही दारं? कोण अडाणी आहे तो?"

सगळं वऱ्हाड गोळा झालं होतं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी गळ्यातला हार नीट करत राहिलो.

"म्या बसिवली, साहेब," दाजी म्हणाले. "तीन केली, चौथं इसारलो. माजीच चूक हाय."

डॉक्टरांनी पुढे ती मोटार पुण्याला कामाला दिली. त्यांचं पाहून जीपवाले, टेम्पोवालेही दाजींकडे यायचे थांबले. माणूस पडला, ही गोष्ट खोऱ्यात सगळीकडे झाली होती. दाजी मग विहिरीवरचे पंप आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करत राहिले. मला कायम केल्याचं पत्र आलं, तेव्हा मी पेढे घेऊन पौडला गेलो. शेडमध्ये दोघंच होतो. मी म्हणालो, "दाजी, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं…" त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "नोकरी पक्की झाली न्हवं? मग बास. तुमच्या ताईला यातलं काय सांगू नगा, तिला तुमचं लई कौतुक हाय." मला सुटल्यासारखं झालं. खरं तर तेव्हाच उठून डॉक्टरांकडे जायला हवं होतं. डॉक्टरांचा दवाखाना तिथून पाच मिनिटांवर होता. मी पेढा खाल्ला आणि दुपारच्या एसटीनं पुण्याला परतलो. पुढे डॉक्टरही वारले.

ताई स्वभावानं फटकळ. दाजींकडून बाजारातून मीठ आणायचं राहिलं की ती म्हणायची, "मिस्त्री, चौथं दार इसारलं वाटतं!" पुढे घरात तो बोलच होऊन बसला. पोरं म्हणू लागली, शेजारीपाजारी म्हणू लागले. कुणाच्या सदऱ्याचं बटण लावायचं राहिलं तरी चौथं दार. दाजी हसायचे. "आता काय करता, म्हातारपण लवकर आलं मला," म्हणायचे. जेवायला बसलेला मीही त्या हसण्यात सामील व्हायचो. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते. चौदा वर्षं ते हसणं त्यांनी माझ्यासाठी सोसलं आणि एकदाही माझ्याकडे नजर टाकली नाही.

गेल्या रविवारी पौडला गेलो होतो. ताई निवडणं घेऊन ओसरीवर बसली होती. दाजींच्या आठवणी निघाल्या आणि बोलता बोलता तीच म्हणाली, "लई इसराळू मानूस बाई. त्या दारानं त्यांचं नाव गेलं." तिथं मला राहवलं नाही. सुतळी, साहेब, ट्रकमधून दाजींनी विचारलेला प्रश्न, सगळं सांगितलं. ती सूप मांडीवर तसंच धरून ऐकत होती. मला वाटलं होतं, ती मला बोलेल, शिव्या देईल. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मला सांगायचं व्हतंस रं," ती म्हणाली. "मी किती बोलले त्यांना."

मी म्हणालो, "त्यांनीच नको म्हणून सांगितलं होतं."

"त्ये म्हनतीलच. तुला कळाय नगं? इतकं शिकलास."

मग म्हणाली, "आता मला एकटीला सांगून काय? ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्यांना सांग." म्हणून हे लिहिलं. मुळशी खोऱ्यात ज्यांनी ती गोष्ट ऐकली असेल, त्यांनी कृपा करून हेही ऐकावं. किसन मिस्त्री ते दार विसरले नव्हते. त्यांनी ते बांधलं होतं, मी सोडलं.

एसटीची वेळ झाली तेव्हा ताई घरात दिसेना. मागे शेडमध्ये गेलो, तर ती दाजींच्या बसायच्या लाकडी खोक्यावर बसली होती. मी निघतो म्हणालो. तिनं मान वर केली नाही.

"जा तू," ती म्हणाली. "मला जरा ह्यांच्यासंगं बोलायचंय."