पिवळ्या ओढणीची खबर

आम्ही चौघं ब्लॉग लिहायचो तेव्हा आमचा एकच नियम होता. कामाचं काही लिहायचं नाही. सल्ला नाही, बातमी नाही, पाककृती नाही, आणि मुलांच्या मार्कांबद्दल तर एक अक्षरही नाही. नियम माझा होता. लातुरात मराठी शिकवणाऱ्या बाईला असा नियम सुचणं साहजिकच आहे. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेल्या पोरांना मराठीच्या मार्कांचा काही उपयोग नव्हता, त्यामुळे माझ्या वर्गात फळा असायचा, बाकं असायची आणि मी असायचे. पोरं क्लासला गेलेली असायची. अख्खं गाव सकाळपासून रात्रीपर्यंत उपयोगाचंच काहीतरी करत होतं, आणि मला त्याचा मनापासून कंटाळा आला होता.

बाकीचे तिघं मला कधी भेटलेले नव्हते. हिमायतनगरचे भाई शिलाई मशीन दुरुस्त करायचे, त्यांच्या आजोबांपासूनचं दुकान होतं. कुठलं मशीन कसं आजारी माणसासारखं खोकतं, यावर ते झकास लिहायचे. चाकूरच्या काकांची शेती होती, पण ते शेतीबद्दल लिहीत नसत. ते आभाळाबद्दल लिहीत, आणि तेही पावसासाठी न बघितलेल्या आभाळाबद्दल. आणि नायगावच्या ताई. त्यांच्या नवऱ्याचं खताचं दुकान होतं, आणि ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे दिसेल ते लिहायच्या. समोरच्या ओट्यावर झोपलेलं मांजर, भांडी विकणारी बाई, ऊन भिंतीवरून खाली कसं उतरतं ते. एकमेकांची नावं आम्हाला ठाऊक होती, पण हाका मारायचो गावाच्या नावानं.

वाचल्याची खूण म्हणून आम्ही खाली एकच शब्द लिहायचो. उठलो, किंवा उठले. हा शब्द भूकंपाच्या सालचा. तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन लातुरात आले होते. त्या पहाटेनंतर गावानं कितीतरी दिवस घरात पाठ टेकली नाही. मैदानात, अंगणात, रस्त्याच्या कडेला बाजा टाकून माणसं झोपायची, उशाशी लोट्यावर फुलपात्र उपडं ठेवायची, जमीन हलली तर ते आधी वाजावं म्हणून. उजाडलं की आमच्या गल्लीत भिंतीवरून हाका सुरू व्हायच्या. "उठले का?" पलीकडून यायचं, "उठलो." बस, एवढंच. कुणाचं कोण गेलं, कुणाच्या घराला किती तडा गेला, हे सकाळी कुणी विचारत नसे. पलीकडचं माणूस आहे, एवढं कळलं की बायका चुलीकडे वळायच्या.

पुढं घरं डागडुजी होऊन उभी राहिली, माणसं पुन्हा छताखाली गेली आणि हाका थांबल्या. मला त्या हाकांची फार आठवण यायची. एकदा ब्लॉगवर तसं लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी खाली चाकूरच्या काकांचा शब्द होता, "उठलो." मग भाईंचा. मग ताईंचा. तेव्हापासून ती रीतच पडली. एखाद्याचा शब्द आला नाही की बाकीचे चौकशी करायचे. कॉलेजातल्या माझ्या सहकाऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा कीव करून बघितलं.

माझं लिहिणं सगळं गच्चीवरचं. आमच्या घरासमोर, अरुंद गल्ली ओलांडली की मुलींचं तीन मजली वसतिगृह. तिथे आधी चिंचेचं झाड होतं आणि एक म्हैस बांधलेली असायची. क्लासचे दिवस आले, झाड गेलं, म्हैस गेली, गुलाबी रंगाची इमारत आली. लातुरात तेव्हा नळाला आठवड्यातून एकदा पाणी. ते आलं की समोरच्या तिन्ही गॅलऱ्या कपड्यांनी भरून जायच्या. दुपारी लाईट गेलेली असायची, पंखा बंद, क्लासच्या गाड्यांचा आवाज नाही, आणि ते सगळे रंग वाऱ्यावर हलके हलके झुलायचे. मी चटईवर पडून बघत राहायचे. डोळा लागायचा, उघडायचा, पुन्हा लागायचा. कधी वाटायचं, चिंचेचं झाडच तिथं उभं आहे आणि त्याला कपडे लागले आहेत. असल्या दुपारी माझ्या लाडक्या आहेत, अजूनही.

एका दिवाळीनंतर ताईंनी ओढणीबद्दल लिहिलं. नांदेडहून घेतलेली हळदीच्या रंगाची ओढणी, एका कोपऱ्यावर इस्त्रीचा डाग, तो हिरव्या दोऱ्यानं रफू केलेला, कारण घरात तेव्हा पिवळा दोरा नव्हता. ओढणी ताईंची, पण लेकीनं लातूरला जाताना ती मागून नेली. लेकीचं हे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं, म्हणून वडिलांनी पुन्हा धाडलं. आता फोनवर ती फक्त जेवले आणि ठेवते एवढंच बोलते. ताई एकदा न सांगता भेटायला गेल्या, तर मैत्रिणींदेखत आईला रडू फुटलं म्हणून ती इतकी चिडली की तेव्हापासून पुरती मिटली. लातूरच्या पोरांच्या कसल्या कसल्या बातम्या कानावर येतात, वाचल्या की हातातलं लाटणं थांबतं, असं ताईंनी लिहिलं होतं. आणि शेवटी, "कुणी जाऊन बघावं असं माझं म्हणणं नाही. तिला कळलं तर ती मला कायमची तोडेल. पाण्याच्या टाकीमागं, गुलाबी इमारतीत माझी ओढणी वाळत असेल का, एवढंच मनात येतं."

पाण्याच्या टाकीमागची गुलाबी इमारत माझ्या डोळ्यासमोर होती. मी उठून गच्चीच्या कठड्याशी गेले. दुसऱ्या मजल्यावर, डावीकडून शेवटच्या दोरीवर, हळदीच्या रंगाची ओढणी होती. कोपऱ्यात हिरवा ठिपका. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं हसले.

नियम मोडायचा नव्हता, म्हणून मी फक्त कपड्यांबद्दल लिहिलं. निळा गाऊन, दोन पांढऱ्या सलवारी, त्यांच्यामध्ये एक पिवळी ओढणी, वाऱ्यावर खुशीत. ताईंचा शब्द लगेच आला, आणि त्यापुढं एक वाक्य, "आज जेवण गोड लागलं." मग मी लिहीतच गेले. आज पिवळी ओढणी घाईत पिळली होती, पाणी टपकत होतं. आज ती खांद्यावर टाकून कुणीतरी क्लासला पळत गेलं, हातात अर्धी पोळी. आज तिच्यावर शाईचा डाग, म्हणजे अभ्यास दणक्यात. भाईंनी लिहिलं, "मॅडम, ही ओढणी लई बोलून राहिली." काकांनी आभाळ सोडलं आणि तेही ओढणीची वाट बघायला लागले. अख्खा हिवाळा असाच गेला. गल्लीच्या या टोकाची मी आणि नायगावच्या खिडकीतल्या त्या, मध्ये एक पिवळा तुकडा. आपल्या हातून काहीतरी फार चांगलं होतंय, असं मला रोज झोपताना वाटायचं.

त्या दिवसांत मी कबुतरांबद्दलही लिहायचे. तिसऱ्या मजल्यावर माझ्या गच्चीच्या अगदी समोर एक खिडकी होती, ती कधीच उघडत नसे. तिच्या कडेवर कबुतरांनी घर केलं होतं. कुणी हाकलायला नाही, म्हणून त्यांचा संसार कसा बिनघोर चाललाय, यावर मी गमतीगमतीत बरंच लिहिलं. ताईंना कबुतरं फार आवडली होती.

फेब्रुवारीत वसतिगृहाची मोटार जळाली आणि पोरी बादल्या घेऊन आमच्या हौदावर आल्या. त्यात ती होती. कमरेला पिवळी ओढणी खोचलेली, कोपऱ्यावर हिरवा रफू. हसरी, गोल चेहऱ्याची, गालावर पाणी उडालेलं. मला राहवलं नाही. मी तिला विचारलं, नायगावची ना तू?

ती म्हणाली, "न्हाई मॅडम, उदगीरची हाय मी."

मग ओढणी कुणाची, हे मी विचारलं. आधीच्या रूमवालीची, तिनं सांगितलं; दिवाळीनंतर ती वरच्या मजल्यावर एकटीच राहायला गेली. वसतिगृहातल्या पोरी एकमेकींचे कपडे घालतात, हे मी पोरींना इतकी वर्षं शिकवूनही विसरले होते. दिवाळीहून आल्या आल्या रूमवालीनं ओढणी काढून हिला दिली, मला आता नको म्हणाली. घरच्या साबणाचा वास येतो तिला, म्हणून नको. मी विचारलं, ती कुठं असते? उदगीरच्या पोरीनं मान वर केली आणि कबुतरांची खिडकी दाखवली. "तिथंच पडून राहिली, मॅडम. क्लासला न्हाई येत आताशा. डबा तसाच परत जातो."

मी हौदाच्या कठड्यावर बसले, पोरी पाणी भरून गेल्या तरी तशीच बसून होते. हिवाळाभर एका आईला मी दुसऱ्याच पोरीची खबर देत होते. आणि जिची द्यायची होती, तिच्या बंद खिडकीवर मी विनोद केले होते.

वर जाऊन दार वाजवावं, असं आधी वाटलं. पण वसतिगृहात शिरून कॉटवर बसून समजूत घालणारी अजून एक बाई तिला नकोच असणार, हे मलाही कळत होतं. रेक्टरबाईंना मात्र सांगून आले, पोरीवर लक्ष ठेवा, एकटी ठेवू नका. त्यांनी उदगीरच्या पोरीला तिच्या खोलीतच राहायला सांगितलं. बाकी काय करावं सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी गच्चीवर गेले. गल्लीत दूधवाल्याची सायकल, कुठंतरी रेडिओ, पूर्वेला जरासा उजेड. आणि कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून आपोआप हाक गेली, "उठलीस का?"

कबुतरं उडाली. बाकी काही नाही. खालून आमच्या घरमालकांनी कुणाला हाक मारताय म्हणून विचारलं, त्यांना मी कबुतरांना म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारली, तिसऱ्या दिवशीही. नाव घेतलं नाही, आणखी काही विचारलं नाही. रोज फक्त तेवढंच. मग एका सकाळी बंद खिडकीच्या आतून, झोपेनं जड झालेला, चांगलाच वैतागलेला आवाज आला.

"उठले."

तो वैताग ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी घरात येऊन दुधात साखरेऐवजी मीठ घातलं. त्या दिवसापासून रोज उत्तर यायला लागलं. कधी लवकर, कधी दोन हाकांनी. एकदा तर मी हाक मारायच्या आधीच आलं. उदगीरच्या पोरीनं सांगितलं, डबा आता अर्धा तरी खाल्ला जातो.

मग मी बसले आणि नियम मोडून ताईंना सगळं लिहिलं. ओढणी दुसरीच पोरगी वापरते, माझी चूक झाली, तुमची लेक कबुतरांच्या खिडकीत आहे, ती बरी नव्हती, आता हाकेला उत्तर देते. त्या दिवशी खाली भाईंचा शब्द आला, काकांचा आला, ताईंचा आला नाही. मला वाटलं, या बाई आता माझं तोंड बघणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दारात एक ठेंगण्या, सावळ्या बाई उभ्या होत्या. नायगावहून नांदेड, नांदेडहून लातूर, दोन बस बदलून आलेल्या. हातात पिशवी, पिशवीत मेथीचे पराठे. मी मनात त्यांचा आवाज पातळ ठरवला होता, तो चांगला घोगरा निघाला. माझ्या चुकीबद्दल त्या बोलल्या नाहीत. समोरची इमारत त्यांनी खूप वेळ बघितली. मला वाटलं, आत्ताच धावत जातील, पण त्या म्हणाल्या, "आता न्हाई. पुन्यांदा चिडंल. सकाळी तुमच्या जागी मी उभी राहते."

सकाळी त्या गच्चीवर गेल्या आणि मी जिन्याच्या तोंडाशी थांबले. पदर डोक्यावर घेतलेला, हात कठड्यावर. मग घोगऱ्या गळ्यानं हाक गेली.

"उठलीस का?"

रोजच्या सवयीनं आतून "उठ" एवढं आलं आणि तिथंच थांबलं. मग कडी काढल्याचा आवाज. खिडकी अडकली होती, दोन धक्के बसले, कबुतरांचा काडीकचरा खाली पडला आणि झडपा उघडल्या. विस्कटलेले केस, सुजलेले डोळे, आईसारखीच ठेंगणी पोरगी. दोघी गल्लीच्या दोन बाजूंना एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. ताई रडल्या नाहीत. रडू येऊ नये म्हणून त्यांनी कठडा किती घट्ट धरला होता, ते मला मागून दिसत होतं.

पोरगी म्हणाली, "थांब तिथंच. मी येते."

तिला पुढं किती मार्क पडले, ते मी इथंही लिहिणार नाही. नियम आहे. त्या सकाळी आम्ही तिघींनी पराठे खाल्ले, पोरगी आईच्या पदराला हात पुसत होती, आणि ताई तिला ओरडत होत्या. चहा झाल्यावर मी ब्लॉग उघडला. हिमायतनगर आणि चाकूर पहाटेपासून विचारत होते, नायगाव, उठले का? ताईंनी मला बाजूला सारलं, एका बोटानं अक्षरं शोधत बसल्या, आणि माझ्याच कॉम्प्युटरवरून लिहिलं, "उठलो. दोघीही."