मी महाराष्ट्र पुसला त्याची गोष्ट

एकदा मी अख्खा महाराष्ट्र पुसून टाकला.

दचकू नका. मनात काही वाईट नव्हतं. जागा करायची होती.

आता माझी नात मोबाइलला रस्ता विचारते आणि मोबाइल मुकाट्याने सांगतो. त्या काळी आमच्या गाडीत काचेला चिकटवायचं एक यंत्र होतं. पोह्याच्या पापडाएवढा पडदा, मागे रबराची वाटी (ती उन्हात सुटायची आणि यंत्र चालत्या गाडीत ह्यांच्या मांडीवर उडी मारायचं), आणि आत हिंदी बोलणारी एक बाई. आमच्या केतकीनं पहिल्या पगारातून बाबांना भेट दिलेलं. ह्यांची सगळी नोकरी पिंपरीच्या कंपनीत, टूलरूमला. देहूपासून चाकणपर्यंत कुठल्या गल्लीत चहा चांगला मिळतो हेसुद्धा ह्यांना पाठ. त्यांना बाईची काय गरज? मग यंत्राचा ताबा आपसूक माझ्याकडे आला. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली तरुणी होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं!

केतकीला चऱ्होलीचं स्थळ आलं. मुलगा निखिल, गुणी, घर चांगलं. पहिल्यांदा त्यांच्याकडे निघालो तेव्हा यंत्रातली चऱ्होली म्हणजे नुसती शेतं, आणि काचेतून बघावं तर बारा-बारा मजले! बाई म्हणाली, "दाहिने मुड़िए." उजवीकडे पोहण्याचा तलाव होता. त्यात एक गृहस्थ पोहत होते. त्यांनी पाण्यातूनच आम्हाला मुख्य रस्ता दाखवला.

मागच्या सीटवर माझ्या मोठ्या जाऊबाई, शैलाताई. त्या अशी संधी सोडतील?

"सुधा, दिवाळीत तुला नवा मिक्सर चालू करता येईना. आता तू आम्हाला रस्ते दाखवणार?"

(मिक्सर बिघडलेला नव्हता. झाकण नीट बसलं नव्हतं. पण ते मला चटणी छताला लागल्यावर कळलं.)

"नकाशा जुना झालाय त्यातला," मी म्हणाले. "साखरपुड्याच्या आत मी स्वतः नवा भरते. आणि त्या दिवशी सगळ्या गाड्या माझ्या मागे येतील!"

आता ह्यात मोठी जोखीम होती, ती सांगते. निखिलच्या आजींचे गुडघे गेलेले, म्हणून साखरपुडा त्यांच्याच घरी ठरला होता. देण्याघेण्याचं अवाक्षर नाही. आजींची अट एकच. "आमाला काय बी नगं. येळ पाळा. येळ न पाळणारी मान्सं मला घरात चालत न्हाईत." हे काही नुसतं बोलणं नव्हतं. थोरल्या नातवाचं एक ठरत आलेलं स्थळ आजींनी उशिरापायी मोडलं होतं म्हणे. केतकीनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"आई, बाबांना रस्ता माहितीये गं. यंत्र राहू दे ना घरी."

"तू बांगड्यांचं बघ," मी म्हणाले. "रस्त्याचं मी बघते."

आणि मी पदर खोचला.

चांगल्या कामाला मी नेहमी गुरुवार धरते. तर गुरुवारी सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून मी कंप्यूटरला यंत्र जोडलं. काहीच होईना. कंप्यूटर यंत्राला ओळखच दाखवेना! मदतकेंद्राला फोन लावला. तिकडून एक गोड आवाजाची मुलगी.

"मॅडम, केबल कुठली लावलीये?"

"मोबाइलची. बसली की व्यवस्थित."

"ती फक्त चार्जिंगची असेल. तिच्यातून डेटा जात नाही. यंत्राबरोबर आलेली केबल लावा."

म्हणजे ही केबल नुसती खाते, काम करत नाही. (हुबेहूब आमचे धाकटे दीर!) खरी केबल माळ्यावर दिवाळीच्या माळांच्या गुंत्यात सापडली. ती सोडवून जोडली, आणि पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. सरकायला म्हणजे काय, चिंचवड स्टेशनची सिग्नलची रांग हिच्यापेक्षा लवकर सरकते. दुपारपर्यंत अर्धी झाली. मी ह्यांना अभिमानानं हाक मारली, "अहो, बघायला या!"

हे आले, आणि लाइट गेली.

"आज गुरुवार ना," हे शांतपणे म्हणाले. "गुरुवारी जातेच लाइट."

आता आमच्या ह्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी आणि दुरुस्तीसाठी वीज बंद, हे पाळण्यातलं पोर सांगेल. मलाही माहीत होतं. गुरुवारी गिरणी बंद म्हणून बुधवारीच दळण आणणारी बाई मी! पण दळण वेगळं आणि शुभकार्य वेगळं. शुभकार्य मी बुधवारी कसं सुरू करणार?

म्हणून पुढच्या गुरुवारी पुन्हा सुरू केलं. जरा लवकर. लाइटही जरा लवकर गेली.

"अगं, शुक्रवारी कर की!" हे म्हणाले.

"शुक्रवारी सुरू केलेलं टिकत नाही."

"आणि गुरुवारी सुरू केलेलं?"

मी साबुदाणा भिजत घालायला उठले. उपास होता, जास्त बोलवत नव्हतं.

शेवटी केतकीचा लॅपटॉप घेतला, म्हणजे लाइट गेली तरी तो बॅटरीवर चालेल. तर तो झोपायला लागला! पाच मिनिटं हात लावला नाही की डोळे मिटून घ्यायचा, आणि पट्टी थांबायची. पुन्हा गोड आवाजाची मुलगी. "मॅडम, त्याला झोपू देऊ नका." मग काय, मी डाव्या हातानं माउस हलवतेय, उजव्या हातानं मेथी निवडतेय. (त्या लॅपटॉपच्या बटणांखालून पुढे लग्नानंतरसुद्धा मेथी निघत होती. जावयांनी तसं कळवलं.) दुपार कलली, पट्टी शेवटाला आली, आणि पडद्यावर पाटी झळकली. जागा अपुरी!

"मॅडम," मुलीचा आवाज आता तितकासा गोड राहिला नव्हता, "सगळा भारत त्यात मावत नाहीये. राज्यांची नावं दिसतायत ना? नको असलेली काढून टाका."

मी चष्मा पुसून बसले. घरात आपण माळा आवरायला काढतो ना, अगदी तसं. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, आणि 'लागेल कधीतरी' म्हणून परत ठेवायची.

काश्मीर? छे, वैष्णोदेवीला जायचंय. गुजरात? द्वारका आहे तिथं. तमिळनाडू? रामेश्वर राहिलंय अजून. आसाम? तिथं काय आहे ते मला माहीत नव्हतं, पण चहा चांगला असतो. राहू दे बिचारं.

आणि मग नाव आलं महाराष्ट्राचं. सगळ्यांत जास्त जागा त्यानंच खाल्लेली.

इथं माझी बुद्धी कशी चालली ते नीट ऐका. ह्या यंत्रातला महाराष्ट्रच तर खराब होता! चऱ्होलीत शेतं दाखवणारा, जुना, विटलेला. आता बोहारीण दारात येते, तेव्हा जुनी साडी तिच्या हातात दिल्याशिवाय ती नवं पातेलं देते का? नाही ना? मग जुना महाराष्ट्र दिल्याशिवाय यंत्र तरी नवा कसा देईल? आणि निखिलचं घर तर मी आधीच 'आवडती ठिकाणं' मध्ये साठवून ठेवलेलं. घर जागेवर राहिलं की रस्ता काय, येईल आपोआप!

मी महाराष्ट्राला नमस्कार केला आणि बटण दाबलं.

काय सांगू, पट्टी सुसाट पळाली! हिरवी खूण आली. 'नकाशा यशस्वीरीत्या अद्ययावत झाला.' त्या संध्याकाळी मी शिरा केला. शैलाताईंना डबा पाठवला. डब्याबरोबर निरोपही पाठवला. निरोप इथं लिहीत नाही, आता आमचे संबंध चांगले आहेत.

साखरपुडा रविवारचा. पुढे आमची गाडी, तिच्यात हे, मी, आणि मागे पैठणीत केतकी. आमच्या मागे शैलाताईंची गाडी. तिच्या मागे नगरकडच्या पाहुण्यांनी भरलेला टेम्पो ट्रॅव्हलर. मी काचेला रबरी वाटी थुंकी लावून घट्ट चिकटवली आणि बाईला जागं केलं.

पडद्यावर एकच जाड पिवळा रस्ता. बाजूला काही नाही. कोरं करकरीत.

"अगं, हे असं रिकामं का दिसतंय?" हे म्हणाले.

"नवीन आहे म्हणून! जुन्यात किती गिचमिड होती. हे बघा कसं स्वच्छ!"

भोसरी मागे पडली. मोशी आली.

"इथून उजवीकडं," हे म्हणाले.

"सीधे चलते रहिए," बाई म्हणाली.

"अहो, ती सरळ म्हणतेय."

"तिला काय कळतंय! आळंदीकडं जाणारा रस्ता हाच."

"एवढे गुरुवार काय मी मेथी निवडायला बसले होते का? नवा रस्ता झाला असेल. सरळ घ्या!"

सत्तावीस वर्षांच्या संसारात हे माझ्याशी भर चौकात कधी भांडले नाहीत. त्यांनी सरळ घेतली. मागच्या दोन्ही गाड्यांनीही सरळ घेतली.

इंद्रायणीचा पूल गेला. फोन वाजला. शैलाताई.

"सुधा, साखरपुडा नाशिकला आहे का?"

"या माझ्या मागून!" मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग चष्मा नीट केला आणि कळलं, नवा महाराष्ट्र आलाच नव्हता, उरला होता तो नुसता मोठा हायवे. पडद्यावर निखिलचं घर म्हणजे कोऱ्या अंगणात पडलेला एक लाल ठिपका, आणि तो आमच्यापासून लांब लांब चालला होता.

"आई," केतकी मागून म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं. "मुहूर्ताला पाऊण तास राहिला."

"वळवा!" मी ओरडले.

वळणार कुठे? आमच्याकडे गुरुवारी सुट्टी, म्हणून रविवारी कंपन्या जोरात. चाकणच्या अलीकडे पुढे एक ट्रेलर, मागे एक ट्रेलर, आणि मध्ये आमची वरात. ट्रेलर डावीकडे वळला तसे आम्हीही वळलो, दुसरा मार्गच नव्हता. रांग थांबली ती थेट एका कारखान्याच्या गेटवर. गार्ड वही घेऊन काचेशी आला.

"माल काय हाय?"

"साखर," मी म्हणाले. "फळं, नारळ, पैठणी. आणि मुलगी."

त्यानं आत वाकून केतकीकडे पाहिलं. "मटेरियलचा गेटपास?"

"भाऊ, साखरपुड्याला निघालोय!"

"ताई, ह्या गेटनं फकस्त स्टील आत जातंय."

एवढ्यात केतकीचा फोन वाजला. निखिल. तिनं तो सरळ माझ्या हातात दिला.

"काकू, कुठं आहात?"

"चाकणला. एका गेटवर. गेटपास मागतायत."

"गेटपास?" त्यानं दोनदा विचारलं. मग तो म्हणाला, "तिथंच थांबा. काहीही करू नका. यंत्र बंद करा."

गार्ड देवमाणूस निघाला. त्यानं फाटक उघडून तिन्ही गाड्या आतून गोल फिरवून बाहेर काढून दिल्या. (माझ्या केतकीनं लग्नाआधी एका पोलाद कारखान्याला प्रदक्षिणा घातली ती अशी!) आणि मग समोरून मोटरसायकलवर नवरदेव आला. अंगात शेरवानी, डोक्यावर हेल्मेट. तो पुढे, आम्ही मागे, अशी वरात चऱ्होलीला पोचली तेव्हा मुहूर्त केव्हाच टळून गेला होता.

ओसरीवर खुर्चीत आजी बसल्या होत्या. हातात काठी. आजूबाजूला सगळी माणसं त्यांच्याकडे बघत उभी. केतकी माझ्या दंडाला धरून उभी होती. त्या क्षणी मला वाटलं, खड्ड्यात गेली माझी हुशारी, पण ह्या पोरीचं मोडायला नको. मी आजींच्या पुढ्यात गेले.

"आजी, चूक माझी एकटीची. ह्यांना रस्ता माहीत होता. मीच वळू दिलं नाही. मी... मी महाराष्ट्र पुसला."

"काय पुसलंस?"

मी सगळं सांगितलं. गुरुवार, मेथी, बोहारीण, आसामचा चहा. काही लपवलं नाही. बोहारणीपाशी आजींची काठी हलायला लागली. गेटपासपाशी त्यांचा पदर तोंडात गेला. आणि "माल काय हाय" ऐकल्यावर त्या अशा हसल्या, अशा हसल्या, की सुनेनं धावत येऊन पाणी दिलं.

डोळे पुसून आजींनी भटजींकडे नुसतं पाहिलं. भटजींनी पंचांग उघडलं. सकाळी त्यांना ज्या पानावर दुसरा मुहूर्तच दिसला नव्हता, त्याच पानावर आता दिवेलागणीच्या आत एक झकास मुहूर्त निघाला!

साखरपुडा झाला. केतकीच्या ओटीत साखर पडली. निरोप घ्यायला मी वाकले, तर आजींनी माझा हात धरून ठेवला, ह्यांना जवळ बोलावलं, आणि सगळ्यांना, विशेषतः शैलाताईंना, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"पाव्हनं, लग्नाचं कार्यालय तुमच्या दाराम्होरंच बगा. माजं गुडघं गेल्यात, पर मी येती कशीबी. ह्या ईनबाईस्नी फकस्त रस्ता वलांडायचा ऱ्हाऊ द्या. आन तेवढाबी हाताला धरून वलांडून आना!"