हलगीला जाळ लागतो

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या मामांइतकी ऊब कळणारा माणूस मुखेडात तर नाहीच, साऱ्या मराठवाड्यात नसेल. कोळशाची इस्त्री गालापासून वीतभर लांब धरून ते सांगतात, ही अजून सुती शर्टाजोगी झालेली नाही. गार चहा समोर आला तर त्यांना अपमान वाटतो. हाताला लागेल त्या वस्तूवरून ते इस्त्री फिरवतात. लग्नपत्रिका, बसचं तिकीट, एकदा तर माझी बारावीची गुणपत्रिका. माणसं ते चेहऱ्यावरून ओळखतच नाहीत, कॉलरवरून ओळखतात. कचेरीतल्या एका साहेबांना बढती मिळाली तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "कॉलर आतून लई घासलेली होती त्यांची. मान हलवून हलवूनच वर गेला माणूस."

मी फारशी बोलत नाही. नांदेडच्या इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी ऐकून गावात कोणीतरी हसतंच, म्हणून गप्प राहायची सवय लागली. मामांकडे ती अडचण नाही, ते दोघांच्याही वाटचं बोलतात. दर रविवारी दुकानामागच्या मोकळ्या जागेत ते कडब्याचा जाळ करतात आणि त्यांचा सात जणांचा हलगीचा ताफा तिथं जमतो. हलगीचं चामडं शेकल्याशिवाय बोलत नाही. गार हलगी ओल्या पुठ्ठ्यासारखी वाजते, तीच शेकली की समोरच्या मेडिकलमधल्या बाटल्या थरथरतात. पण सातांपैकी तिघं पुण्याला वॉचमनच्या नोकरीची चौकशी करत होते, आणि मामांची झोप त्यानंच उडाली होती. तेवढ्यात लोककला पथकांसाठी सरकारी योजना आली. निवड झाली की वर्षभर कार्यक्रम आणि अनुदान. "सरकारचा कागद आला ना माय, तर पोरं थांबतील," मामा मला म्हणाले.

अर्ज मी भरला. त्यातलं मराठी मला इंग्रजीत अर्थ शोधून वाचावं लागलं. शेवटी एक तक्ता होता : प्रयोगासाठी लागणारं साहाय्य. त्यात ध्वनिक्षेपक, प्रकाशयोजना आणि इतर. 'इतर' कोरं राहिलं. मामांनी छापील प्रतीवर इस्त्री फिरवली ("चुरगळलेल्या अर्जावर साहेब सही करत न्हाई"), त्यात फोटोतला त्यांचा एक गाल फुगला, आणि त्याच गालासकट आम्ही निवडचाचणीला नांदेडला गेलो.

सभागृह भव्य होतं, आणि थंडगार. मागच्या बाजूला मामांनी मूठभर कागद पेटवले न पेटवले तोच रखवालदारानं त्यावर बादली ओतली. "आग अलाउड नाही!" मामा वाद घालत बसले नाहीत. बाहेर उन्हात साहेबांच्या गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या तापलेल्या बॉनेटवर त्यांनी सातही हलग्या ओळीनं मांडल्या. दहा मिनिटांत चामडी ताठ झाली. पण मग आम्हाला आत बोलावलं आणि तीन तास थंड हवेत बसवलं. आधी पाहुणे उशिरा आले, मग स्वागत, सत्कार, दीपप्रज्वलन, आणि लोककलेच्या संवर्धनावर भाषणं. मामा मधूनमधून चामड्यावर बोट टेकवत होते. आजारी माणसाची नाडी बघावी तसं.

पुकारा झाला, ताफा उभा राहिला, पहिली काडी पडली. बद्द. समितीतल्या एका गृहस्थांनी जांभई दिली. मामा थांबले. त्यांनी व्यासपीठाच्या कोपऱ्यात बघितलं. तिथं उंच समई पाची वातींनी जळत होती. ते शांतपणे चालत गेले आणि त्यांनी हलगी तिच्यावर धरली.

"अहो, काय करताय! ती पूजेची आहे!" निवेदिका ओरडली.

"मग हा जाळ चालतो व्हय, बाई?" मामांनी मान न वळवता विचारलं. "आमचाच तेवढा चालत न्हाई?"

लोक हसले, आणि हलगी तापायच्या आत पुढच्या पथकाचा पुकारा झाला. मी तिसऱ्या रांगेत होते. 'यांना पाच मिनिटं जाळ करू द्या, मग ऐका,' हे वाक्य मी मनात दोन भाषांमध्ये तयार केलं आणि एकाही भाषेत बोलले नाही. निकालाच्या पत्रात कारण होतं : नाद अपुरा, शिस्तीचा अभाव. ज्यांनी तीन तास हलग्या गार केल्या त्यांनीच नाद मोजला! मी चिडून, आयुष्यात पहिल्यांदा, मराठीत तक्रार लिहिली. उत्तर आलं, 'इतर' या रकान्यात आपण कोणतीही मागणी नोंदवलेली नाही. मामांना वाचून दाखवलं तेव्हा ते खरंच बुचकळ्यात पडले. "भाकरीला तवा लागतो हे बी लिहावं लागतं का?" मग त्या पत्रावरून इस्त्री फिरवत म्हणाले, "त्या जांभईवाल्याची कॉलर जळलेली होती बघ. घरी कुणाला ऊब कळत न्हाई त्याच्या."

पंधरा दिवसांत तिघंही पुण्याला गेले. जाताना हलग्या मामांकडे ठेवून गेले. राग माझा अजून गेलेला नाही. मामांचा कधी आलाच नव्हता, की आला आणि कोळशाखाली दडवला, हे मला कळत नाही. रविवारी ते अजून जाळ करतात. सातही हलग्या शेकतात, गेलेल्या तिघांच्या हलग्यांवर एकेक काडी मारतात आणि आवाज पुरता विरेपर्यंत ऐकत राहतात.

यंदा पुन्हा अर्ज निघालाय. काल दुकानात बसून भरला. 'इतर' समोर मी मोठ्या अक्षरात लिहिलं : जाळ. वर कलाकारांची संख्या विचारली होती.

"सात लिही," मामा म्हणाले.

"मामा, चारच आहात."

त्यांनी इस्त्री गालाजवळ धरून बघितली, आणि नुसतेच निखारे फुंकले.

"लिही गं माय. जाळ दिसला की येतात माणसं."