स्पीकरच्या आधी बाबा

आधीच सांगते, असले गूढ अनुभव वाचून खिदळणाऱ्यांतली मी. झाशीत ओरछा गेटजवळ राहते, मुलांना फिजिक्स शिकवते. आमच्या मराठीत हिंदी घुसतेच, सांभाळून घ्या.

लहानपणी बाबा आणि मी छतावर पडून तारे बघायचो. तारा तुटताना ज्याला आधी दिसेल त्याने "तुटला!" ओरडायचं, हरेल त्याने चहा करायचा. गेल्या वर्षी काचबिंदूने बाबांची नजर पार गेली. मग त्यांनी बोलणंच टाकलं. "आता कसलं आकाश, बाई…" एवढंच. मला ते बघवेना.

म्हणून छतावर अँटेना लावला, खाली बाबांच्या खोलीत रेडिओ आणि स्पीकर. गंमत अशी — दूरच्या ट्रान्समीटरची रेडिओलहर एरवी आपल्यापर्यंत पोचत नाही. पण उल्का जळाली की तिच्या मागे उरलेल्या रेषेवर आपटून ती क्षणभर इकडे वळते, आणि स्पीकरमध्ये "टिंग"! डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या बारीक उल्कासुद्धा, अगदी भर दुपारी.

पहिल्याच "टिंग"ला बाबा म्हणाले, "तुटला!" मला रडूच आलं. खेळ पुन्हा सुरू झाला.

एका दुपारी बाबा खोलीत "तुटला! …तुटला!" म्हणतायत आणि स्पीकर गप्प. मला वाटलं, डोळे गेले, आता डोकंही? वर जाऊन बघते तर माकडांनी केबल तोडलेली. मेली माकडं!

तसाच सेट इथून जवळच, बरुआसागरला माझ्या मैत्रिणीकडे, शबनमकडे आहे. तिला म्हटलं, "फोन स्पीकर के पास रख दे." बाबांना काही सांगितलं नाही. फोन कानाला लावून दाराशी उभी राहिले.

"तुटला!" — बाबा.

मग माझ्या कानात, "टिंग".

पुन्हा तेच. पुन्हा तेच! दर वेळी आधी बाबा. शबनमलाही फोनवर बाबांचं "तुटला" ऐकू जात होतं. ती ओरडली, "दीदी, बाबूजी तो मशीन से तेज़ निकले!"

फोनचा आवाज जरा मागे राहतो, कबूल. पण स्पीकर बंद असताना मुळात बाबांपर्यंत पोचलं तरी काय? मोठ्या, पेटत्या उल्का काहींना ऐकू येतात म्हणे… ह्या तर धुळीच्या कणाएवढ्या! बाबांना विचारलं तर म्हणतात, "ऐकू कुठे येतं? कळतं."

तुमच्यापैकी कोणाला कारण माहीत असेल तर खरंच सांगा. मला अजून सापडलेलं नाही. केबल मी जोडलेली नाही. बाबा छतावर खाटेवर ऊन खात बसतात, दिवसभर बडबडतात, आणि मधेच खाली हाक येते —

"तुटला! हरलीस, बाई. आलं जास्त टाक."