नॉर्मल मामा

आमच्या प्रयोगशाळेत नॉर्मल म्हणजे काय हे पुस्तकात बघावं लागायचं नाही. नॉर्मल म्हणजे मामा. फ्रीज आणि डीप फ्रीजर दुरुस्त करणारे मामा, हाडापेराने मजबूत, केसांना कलप, खिशाला टेस्टर. तोंडाचा पट्टा सकाळी एकदा सुरू झाला की संध्याकाळी गेटबाहेर पडेपर्यंत चालू. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. आम्ही त्यांना नॉर्मल मामा म्हणायचो आणि त्यांना त्याचा कोण अभिमान होता!

या नावामागे आमचं काम आहे. आम्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा अभ्यास करतो. त्यांतल्या काही पेशी पहारा देतात. शरीरभर हिंडायचं, भेटेल त्या पेशीला चाचपायचं, ती कर्करोगाची निघाली तर तिला चिकटायचं, तिच्या भिंतीला भोकं पाडायची आणि त्यातून आत विष सोडायचं. कर्करोगही काही कमी नसतो. या पहारेकरी पेशीच्या अंगावर बटणासारखा एक रेणू असतो. कर्करोगाची पेशी नेमका तोच दाबते आणि पहारेकरी ढिम्म होतो. ते बटण दाबलं गेलं की पेशीच्या आत काय घडतं आणि ते दाबू कसं द्यायचं नाही, यावर आमच्या मॅडमनी आयुष्य घातलंय. मी त्यांची तंत्रज्ञ, तेव्हा माझंही त्यातच चाललंय. पण रुग्णाच्या पेशी थकल्यात असं म्हणायचं, तर न थकलेल्या कशा दिसतात ते शेजारी ठेवावं लागतं. म्हणून दर वेळी निरोगी माणसाचं रक्त हवं, आणि शक्यतो एकाच माणसाचं.

घोडं अडायचं ते इथेच. एरवी शोधासाठी जीव टाकणारी मंडळी, पण रक्त द्यायची वेळ आली की कुणाला मीटिंग आठवायची, कुणाला सकाळपासून गरगरायला लागायचं. मीही त्यातलीच. दिवसभर दुसऱ्यांना सुया टोचते, पण मला कुणी सुई दाखवली की माझी पाचावर धारण बसते. मी नवीन होते तेव्हा एकदा आमचं असंच तू दे, मी नाही, चाललं होतं. मामा फ्रीजरच्या मागे पालथे पडून काहीतरी उघडत होते. तिथूनच ओरडले, "अहो, घ्या की माझं! एवढा खल कशाला? मला काय ते डब्यात भरून ठेवायचंय?"

डब्यात भरून आम्हीच ठेवलं. दर महिन्याला नाही, पण काम निघेल तसं मामा यायचे, बाही वर सारायचे आणि हात टेबलावर ठेवून माझी खोड काढायचे. "ताई, आज हात थरथरतोय तुमचा. घरी भांडण झालं वाटतं." झालेलं असायचं, म्हणून मी आणखीच चिडायचे. त्या रक्तातल्या थोड्या पेशी त्याच दिवशी वापरायच्या आणि उरलेल्या बारीक कुप्यांमध्ये भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवायच्या. ती टाकी सांभाळायचं कामही मामांकडेच. एका उन्हाळ्यात वीज गेली ती येईचना, तेव्हा कुठून कुठून कोरडा बर्फ आणून त्यांनी आमचे फ्रीजर वाचवले होते. मॅडम आभार मानायला लागल्या तर म्हणाले, "माझाच माल आहे आत. दुसऱ्याच्या भरवशावर कसा सोडू?"

अशी वर्षं गेली. मामांच्या मुलीचं लग्न झालं, माझे केस पांढरे झाले. आमच्या कामाचे जे काही लेख बाहेर गेले, त्यांतल्या प्रत्येक आलेखावर रुग्णांच्या शेजारी एक सरळ, शहाणा ठिपक्यांचा पुंजका असायचा. ते मामा.

गेल्या वर्षी मात्र आमचं यंत्र आमच्यावर रुसलं. हे यंत्र पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडतं आणि प्रत्येक पेशीचा पडद्यावर एक ठिपका काढतं. पहारेकरी पेशींना ओळखायला आम्ही दोन रंग लावतो, हिरवा आणि लाल. ज्या पेशीवर लाल चढतो तिच्यावर हिरवा चढलाच पाहिजे, असा आमच्या कामातला साधा हिशेब. त्या दिवशी खाली कोपऱ्यात पेशींचा एक घोळका दिसला. त्यांच्यावर लाल होता, तोही फिकट, आणि हिरव्याचा पत्ताच नाही. मी म्हटलं, हिरवा रंग खराब झाला.

आम्ही दर वेळी आधी मामांच्या रक्तावर यंत्र लावून घ्यायचो आणि मगच रुग्णांचं बघायचो. मामांचं चुकलं की त्या दिवसाचं सगळंच मोडीत. ती नळी फेकली. नवीन रंग मागवला, तरी घोळका जागच्या जागी. कंपनीला फोन करून मी त्या माणसाला असं काही झापलं की बिचारा आणखी एक बाटली फुकट पाठवून मोकळा झाला. तीही तशीच. मग यंत्राच्या माणसाला बोलावलं. त्याने सगळे आरसे पुसले, चहा घेतला आणि यंत्र उत्तम आहे म्हणाला. रुग्णांचं रक्त असं आठवड्यामागून आठवडे वाया जात होतं. आजारी माणसांनी दिलेलं ते रक्त, माझा नुसता संताप संताप होत होता. आम्ही रंगाला शिव्या दिल्या, यंत्राला दिल्या, पाण्यालासुद्धा दिल्या. मामांच्या रक्तात काही असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कसं येणार? ज्या पट्टीने सगळं मोजायचं, ती पट्टी कोण मोजून बघतं?

शेवटी चिडून मी दात-ओठ खात माझंच रक्त काढून घेतलं. तोच रंग, तेच यंत्र, तीच मी. पडद्यावर सगळे ठिपके जिथल्या तिथे. कोपरा रिकामा.

मी मामांची नळी पुन्हा हातात घेतली. रंग चांगला होता. यंत्र चांगलं होतं.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी आणखी दोन रंग लावून बघायला सांगितले. तो घोळका पहारेकरी पेशींचा नव्हताच. त्या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी होत्या आणि सगळ्या एकाच पेशीपासून झालेल्या, एकसारख्या. रक्ताच्या एका सावकाश वाढणाऱ्या कर्करोगाची ही खूण. मॅडम खुर्चीत बसल्या. मला एकदम मामांचा खोकला आठवला, महिनोन्‌महिने न हटणारा. त्यांच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं मी पाहिलं होतं आणि चेष्टाही केली होती, "काय मामा, डाएट का?"

नियम असा की रक्त देणाऱ्याला निकाल सांगायचे नाहीत. आम्ही दवाखाना नाही, निदान करणारे डॉक्टर नाही. पण मॅडमनी संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीतल्या एकेकाला गाठून, अक्षरशः खनपटीला बसून परवानगी मिळवली आणि मामांना खोलीत बोलावलं. त्यासाठी मी मॅडमच्या जन्मभर ऋणात आहे. त्यांनी कागदाआड लपायचं ठरवलं असतं तर कुणी त्यांना बोल लावला नसता.

मामा आधी हसले. "मशीन बिघडलंय तुमचं." मग चिडले. "इतकी वर्षं माझ्या रक्ताशी लोकांचं रक्त ताडून बघितलंत, आणि आता म्हणता मीच खराब?" मॅडमनी शांतपणे सगळं सांगितलं. मोठ्या दवाखान्यात नक्की निदान करून घ्या, आजच चिठ्ठी देते, म्हणाल्या. मामांना गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी विचारलं ते त्यांच्या आजाराबद्दल नव्हतंच.

"म्हणजे तुमचं आजवरचं सगळं काम चुकलं का हो?"

मॅडम "नाही" म्हणाल्या, पण त्यांना त्या क्षणी ते नक्की ठाऊक नव्हतं, आणि मामांना माणसाच्या चेहऱ्यावरचं बरोबर वाचता यायचं. चिठ्ठी खिशात घालून ते निघून गेले.

दवाखान्यात ते गेलेच नाहीत. आमच्या मजल्यावरही फिरकेनात. मी फोन केला तर मामींनी उचलला. "काय सांगू ताई, घास जात नाही त्यांच्या घशाखाली. एकच धरून बसलेत. माझ्यामुळे त्या आजारी लोकांचं चुकलं, म्हणतात. आता माझं औषधपाणी कुठल्या तोंडाने करून घेऊ, म्हणतात." मामींचा आवाज फुटला. "तुम्हीच सांगा हो काहीतरी. माझं ऐकत नाहीत."

नुसतं सांगून ऐकणारा माणूस नव्हता तो. मी टाकी उघडली. मामांच्या पेशी होत्या आत, दर वर्षाच्या, त्यांनीच राखलेल्या. प्रत्येक वर्षाची एक कुपी आणि शेवटच्या वर्षाच्या सगळ्याच काढून, कोमट पाण्यात हलकेच वितळवून, धुऊन, रंग लावून मी त्या यंत्रावर चढवल्या. पेशी मरू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून काम केलं. कितीतरी वर्षं कोपरा स्वच्छ होता. मग चार-सहा ठिपके आले, दुर्लक्ष करावेत इतके थोडे. ते सावकाश वाढत होते. आणि अगदी शेवटच्या काही महिन्यांत घोळका एकदम पसरला होता.

सगळे आलेख छापून मी तडक मामांच्या घरी गेले. दोन खोल्या, गॅलरीत उघडा पडलेला एक कॉम्प्रेसर, आणि त्यासमोर स्टुलावर मामा. दाढी वाढलेली, केसांचा कलप उतरलेला. मी ते कागद तिथेच फरशीवर ओळीने मांडले.

"हे कधीचं?" त्यांनी नाइलाजाने विचारलं.

"तुमच्या मुलीच्या लग्नाच्या वर्षातलं. बघा, कोपरा रिकामा. हे त्याच्या आधीचं. हेही रिकामं. इथे चार ठिपके आहेत, त्यांनी आमचा एक आकडाही हलत नाही, मॅडमनी पुन्हा हिशेब करून बघितलाय. आणि इथून पुढे घोळका. त्या दिवसापासूनचं सगळं आम्ही फेकून दिलंय, रंग खराब समजून. चुकीचं काहीही बाहेर गेलेलं नाही. तुमच्यामुळे एकाही माणसाचं वाईट झालेलं नाही, मामा."

ते स्टुलावरून खाली वाकले. बोट ठेवून एकेक कोपरा तपासला. मी मात्र थांबले नाही. माझा आवाज चढलाच. "आता हा शेवटचा नीट बघा. किती भराभर वाढलंय ते दिसतंय ना? आणि तुम्ही इथे रुसून बसलाय! उद्या दवाखान्यात गेला नाहीत ना, तर मी आयुष्यात तुमच्याशी बोलणार नाही. कितीही फ्रीजर बंद पडोत."

मामांनी नाक पुसलं. आत बघून म्हणाले, "अगं, उद्यासाठी तो निळा शर्ट काढून ठेव." मामी दारातच उभ्या होत्या. त्या शर्ट काढायला गेल्या आणि आत जाऊन रडल्या, ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझे आलेख पुढे-मागे करून पाहिले. म्हणाले, या आजारात पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवून वाट बघतात, आणि तो कधीपासून आहे हे सहसा कुणालाच सांगता येत नाही. इथे त्याची सगळी चाल समोर होती. त्यामुळे वाट बघत बसायचं नाही, हे त्यांनी लगेच ठरवलं. छातीतला संसर्ग आधी आटोक्यात आणला, लसी दिल्या आणि मग गोळ्या सुरू केल्या. या गोळ्यांची गंमत मी मामांना समजावून सांगितली होती. त्या बिघडलेल्या पेशीला बाहेरून सारखा निरोप मिळतो, "जगत राहा, वाढत राहा." आतले रेणू तो निरोप एकमेकांच्या हाती देत पेशीच्या गाभ्यापर्यंत नेतात. गोळी त्यातल्या एकाचाच हात धरून ठेवते. निरोप पोचत नाही. मामा म्हणाले, "म्हणजे आमच्या ऑफिसातल्या साहेबासारखं. फाइल पुढे जाऊच द्यायची नाही." तेव्हा मला कळलं की मामा परत आले.

त्यांच्या संमतीने आता त्यांचं रक्त आमच्याकडे पुन्हा येतं, रुग्ण म्हणून. आणि निरोगी म्हणून शेजारी माझं. दर वेळी सुई दिसली की माझी अजूनही तंतरते. डोळे गच्च मिटून हात पुढे करते आणि तेव्हा मला त्यांनी हसत हसत दिलेल्या त्या सगळ्या नळ्या आठवतात. आमचं जे काही थोडंफार बरोबर निघालं, ते या माणसाच्या रक्ताशी ताडून निघालं. ज्या रुग्णांना पुढेमागे त्याचा उपयोग होईल, त्यांना हे कधी कळायचं नाही. मला कळतं. ज्याच्याबद्दल इतकं कृतज्ञ व्हावं असा माणूस मला मिळाला हे माझं नशीब.

परवा दोन्ही नळ्या यंत्रावर लावल्या. मामांचा घोळका विरला होता, थोडे चुकार ठिपके उरले होते, बाकी कोपरा मोकळा. दोन चित्रं शेजारी ठेवून लांबून बघितली तर कुठलं त्यांचं आणि कुठलं माझं, हे सांगायला मलाही नळीवरचा आकडा बघावा लागला. मी धावत जाऊन फोन लावला. मामा कुठल्यातरी फ्रीजरच्या मागे असावेत, खडखड ऐकू येत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

खडखड थांबली. "ते असू दे हो ताई," ते म्हणाले. "तुमचं कसं आहे? तुमचं नीट निरखून बघितलंत ना?"

"बघितलं, मामा. चांगलं आहे," मी म्हटलं.