विहिरीच्या तोंडाशी

वार्षिक सभेत समित्यांचे अहवाल वाचले असे समजूनच मंजूर होतात. बडोद्यातल्या आमच्या वॉर्डाच्या देखरेख समितीवर मी होतो. वाडीतली विहीर न पाहताच मी 'जाळी शाबूत' असे लिहून दिले होते.

सभेनंतर एका अनोळखी म्हाताऱ्याने मला गाठले. तो सारखा गुडघे चोळत होता. पापणी मात्र एकदाही लवली नाही.

"साहेब, कोणी पडू नये म्हणून मी दिवसभर त्या विहिरीशी बसतो. तुमची तपासणी झाली ना? मग आता उठू?"

"उठा की," मी म्हणालो. खरे सांगायला जीभ रेटली नाही.

सकाळी वाडीत गेलो. विहीर उघडीच होती. ओटा धुणारी बाई म्हणाली, "आवो भाई, बसा. काका सांगून गेलेत, आता साहेब बसतील."

मी बसलो. काका कुठे गेले, हे विचारले नाही. विहिरीत वाकूनही पाहिले नाही.