अंबिकाला पुन्हा विचारलेला प्रश्न

पुतळाबाईच्या घरात प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर पुतळाबाईच द्यायची. तिच्या नवऱ्याला, सोनाजीला, वाटेत कुणी "बरं हाय का?" म्हणालं तर तो आधी मागं वळून बायको कुठं आहे ते बघायचा. मुलगा भारत कंपनीत कंत्राटावर होता. साहेबापुढं फडाफडा बोलायचा आणि आईपुढं नुसती मान हलवायचा. सून अंबिका गंगापूरकडची. लग्न होऊन बिडकीनजवळच्या या वस्तीवर आली, तेव्हापासून तिचा मोकळा आवाज ऐकला असेल तर तो मेंढरांनीच.

दुसऱ्या बाळंतपणानंतर अंबिकाचं अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर यायला लागलं. उकिडवं बसलं की खाली उतरायचं. मग आडोसा बघून हातानं आत सारायचं आणि पुन्हा मेंढरांमागं निघायचं. तिनं सासूला सांगून बघितलं होतं.

"सगळ्याच बायांचं येतं," पुतळाबाई म्हणाली. "तूच काय नवलाची बाळंतीण?"

त्यानंतर अंबिकानं तो विषय काढला नाही. मग एक दिवस शहरातल्या उस्मानपुऱ्यातून करुणा नावाची मुलगी स्कूटीवर आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.

"मावशी, बायकांच्या दुखण्याचे हे प्रश्न परदेशातल्या डॉक्टरांनी काढलेत. आम्ही मराठीत केलेत. आपल्याकडच्या बायकांना ते नीट लागू पडतात का, एवढंच तपासायचंय. जिला त्रास असेल तिला आमची गाडी दवाखान्यात नेईल. उपचार फुकट."

पीठ मळता मळता अंबिकाचा हात थांबला.

"इचारा," पुतळाबाई मांडी घालून बसली.

"मला अंबिकाताईंना विचारायचंय."

"मंग तिलाच इचारा की. बसलीय ना समोर."

करुणानं वाचलं, "सायकल चालवताना किंवा पोहताना ओटीपोटात ओढल्यासारखं वाटतं का?"

"पव्हताना?" पुतळाबाई म्हणाली. "हिरीत ढकलून बघू का हिला, म्याडम?"

सोनाजी खो खो हसला. करुणालाही हसू आवरलं नाही. तिनं पुढचा प्रश्न हसऱ्या तोंडानंच वाचला, "खालून काही बाहेर आल्यासारखं वाटतं का?"

अंबिकानं तोंड वर केलं.

"नाय," पुतळाबाई म्हणाली.

करुणानं अंबिकाकडं बघितलं. अंबिकानं परातीकडं. थोरलं माणूस बोलल्यावर सुनेनं नजर उचलणं म्हणजे उलट उत्तरच. करुणाचं बोट 'नाही'वर टेकलं.

जाताना ती म्हणाली, "पंधरा दिवसांनी परत येईन. हेच प्रश्न परत विचारायचे असतात. माणूस दोन्ही वेळा तेच उत्तर देतं का, त्यावरून प्रश्न पक्के की कच्चे ते ठरतं."

त्यातलं 'परत येईन' एवढंच अंबिकानं धरून ठेवलं.

पुढं रोज माळावर तालीम चालली. "व्हय म्याडम, येतं बाहेर," ती एका काळ्या मेंढीला सांगायची. मेंढी रवंथ करायची. "पुन्हा म्हणू? व्हय म्याडम!" पहिल्यांदा आवाज पुटपुटण्याएवढाच निघाला, मग हळूहळू सुटा झाला.

करुणा आली तो नेमका बिडकीनच्या बाजाराचा दिवस. पुतळाबाई आणि सोनाजी बाजारला गेले होते.

"मावशी नाहीत?"

"नायत. बिगीबिगी इचारा, म्याडम."

करुणानं पहिला प्रश्न काढला, तर अंबिका मधेच म्हणाली, "व्हय. येतं बाहेर. उकिडवं बसलं की येतं. लई दिवस झाले."

"ताई, तो प्रश्न अजून आला नाही." मग करुणा थबकली. "आणि मागच्या वेळी तुम्ही 'नाही' म्हणाला होतात."

"मी कुठं म्हणले? त्या म्हणल्या."

करुणानं टॅबवर तो प्रश्न काढला. "बरं. 'हो' लिहिते."

"गाडी कवा येईल?"

"ऑफिसातून कळवतील."

ऑफिसातून कळवलं, पण भारतच्या फोनवर. सुट्टीचा दिवस, सगळे जेवायला बसलेले. "आवाज मोठा कर," पुतळाबाई म्हणाली. भारतनं केला.

"नमस्कार, मी इंद्रजीत, सर्व्हेच्या ऑफिसातून. तुमच्या घरातल्या अंबिकाताईंची उत्तरं जुळत नाहीत. आधी म्हणाल्या काही त्रास नाही, मग म्हणाल्या अंग बाहेर येतं. यातलं खरं कुठलं?"

सोनाजी ताटावरून उठून बाहेर गेला. भारतला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बापादेखत, परक्या पुरुषाच्या तोंडून ठाऊक होणं वेगळं. दात बघून घेतलेला बैल घरी येऊन लंगडला की त्याच्याकडं बघावं, तसं त्यानं बायकोकडं बघितलं.

"बाईमाणूस धाडा, साहेब," पुतळाबाई फोनमध्ये म्हणाली. "आमची सून सोताच्या तोंडानं सांगंल."

फोन बंद झाला. पुतळाबाई ओरडली नाही. सुनेच्या ताटात भाकरी वाढत म्हणाली, "तरास हाय ना तुला? मंग जा की गंगापूरला. आई न्हेईल दवाखान्यात. भारत जीपमधी बसवून देईल. धाकटी अंगावर पिती, तिला घेऊन जा. थोरला खंडेराव इथंच ऱ्हाईल."

"आत्याबाई, त्यो चार वर्सांचा हाय. माझ्याबिगर झोपत नाय."

"दोन दिस रडंल. आजारी बाईनं पोरगं सांभाळायचं कसं? भारत, व्हय का नाय?"

"व्हय," भारत म्हणाला आणि कालवणात भाकरी कुस्करत राहिला.

करुणा पुन्हा आली तेव्हा सगळं घर अंगणात बसलं होतं. खंडेराव आजीच्या मांडीवर. आजीचा हात त्याच्या पोटाभोवती.

"ताईंशी जरा एकटीशी बोलू का?"

"का? घरात चोर हायत का, म्याडम?"

करुणा ओशाळली. तिनं टॅब उघडला. "अंबिकाताई, खालून काही बाहेर आल्यासारखं वाटतं का?"

अंबिकानं खंडेरावाकडं बघितलं. तो आजीच्या बांगड्यांशी खेळत होता. माळावर मोकळा केलेला आवाज कामी आला, खणखणीत निघाला.

"नाय."

"मग त्या दिवशी..."

"मला प्रश्न उमजला नव्हता."

करुणाचा चेहरा एकदम सैलावला. "असं होय! म्हणजे आमच्या मराठीतच खोट. सरांना सांगते, शब्द सोपे करा." तिनं ते टिपून घेतलं. "बरं झालं, जुळलं एकदाचं."

ती उठली. पुतळाबाईही उठली. दारात पेंडीचं पोतं उभं होतं, भारतनं सकाळीच आणून टाकलेलं.

"काय नाय ना तुला?" पुतळाबाई सुनेला म्हणाली. "मंग घे त्ये आत."

भारत पुढं झाला. आईनं नुसतं बघितलं, तसा थांबला.

अंबिकानं पदर खोचला. पोत्यापाशी उकिडवी बसली, दोन्ही हात खाली घातले आणि दात दाबून उभी राहिली. उंबरा ओलांडताना तिची पावलं आखूड पडत होती, मांड्या एकमेकींना घट्ट लावून.

"बगा म्याडम," पुतळाबाई म्हणाली. "हाय का काय?"

करुणानं बघितलं. आतून पोतं टेकल्याचा आवाज आला. त्यानंतर अंबिका बाहेर आली नाही.

"नाही," करुणा म्हणाली, आणि तिनं स्कूटी सुरू केली.